वाकडा गुलाब

गाडीवाल्यानं तामारला टेकडीच्या अलीकडेच उतरवलं.

"पुढं नाही येणार मी, बाई." घोड्याचं तोंड त्यानं आधीच वळवून ठेवलं होतं. "खाली ब्रॉकहीथमध्ये पटकी आहे. घरी माझी चार लेकरं आहेत."

"माझं एकच आहे," तामार म्हणाली, आणि बोचकं पाठीला मारून उताराला लागली.

उन्हाळा सरता सरता खिळेवाल्यांच्या आळीतल्या बाया दरसाल दूरच्या मळ्यांवर हॉपची फुलं तोडायला जात. बिअरला कडू चव आणणारी ती हिरवी फुलं. तोडून तोडून बोटं काळी पडायची आणि त्यांचा उग्र वास नाताळापर्यंत जायचा नाही. यंदा तोडणी निम्म्यावर आली असताना एका फेरीवाल्यानं मळ्यावर बातमी आणली. ब्रॉकहीथमध्ये सकाळी धडधाकट असलेली माणसं संध्याकाळी मातीखाली असतात म्हणे. तामारनं अर्धी भरलेली टोपली तशीच वेलाखाली ठेवली होती आणि वाट धरली होती.

या उतारावरून गाव दिसायच्या आधी ऐकू यायचं. प्रत्येक घरामागं एक खोपट, खोपटात भट्टी, भट्टीशी ऐरण. बापे, बाया, पोरीसोरी, सगळ्यांचे हातोडे एकदम चालायचे, आणि परक्या माणसाला वाटायचं, टेकडीखाली कुणीतरी मोठं दळण घातलंय. आज काही नाही. चर्चचा मनोरा जागच्या जागी होता, पण घंटाही मुकी. तामारला आपल्याच जोड्यांचा आवाज ऐकू येत होता. एवढ्या वर्षांत तो तिनं या वाटेवर कधी ऐकला नव्हता.

आणि त्याच्याबरोबर आणखी एक आवाज येत होता, तो तिचा स्वतःचाच. निघायच्या सकाळी बोललेली ती.

झिला म्हणाली होती, "आई, यंदा मी येत नाही. डॉर्कसकाकूचे दिवस भरत आलेत. काका तर खाणीतून घरी येतात ते झोपायलाच. मी थांबते तिच्याजवळ."

शेजारच्या डॉर्कसशी तामार सात वर्षं बोलत नव्हती. भिंतीला भिंत, एका पंपाचं पाणी, आणि शब्द नाही. लेकीच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. "मग तिचीच लेक हो!" असं म्हणून ती निघाली होती. दारातून वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. झिला उंबऱ्यात उभी होती की आत गेली होती, हेही तिला ठाऊक नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी डांबराची पिंपं जळत होती. हवा शुद्ध व्हावी म्हणून पेटवलेली. त्या धुरातून ती घराशी आली आणि थांबली. दाराला बाहेरून पटकीच्या घराचा चुना फासला होता. कडी नुसती अडकवलेली.

आत गवताची गादी नव्हती, चादरी नव्हत्या. चूल गार. राखेत मांजर बसून गेल्याचा खळगा तेवढा होता. तामारनं वर पाहायचं टाळलं, बराच वेळ टाळलं. मग पाहिलं.

चुलीवरच्या खुंटीला एकच पुरचुंडी लटकत होती. तिची स्वतःची. झिलाची नव्हती.

ब्रॉकहीथच्या बाया लग्नाचा झगा उसना घेतील, पण आपल्या शवपेटीचे खिळे उसने घ्यायच्या नाहीत. जिनं तिनं आपले आपण करायचे, हात चालतोय तोवर करायचे, आणि तेलाच्या फडक्यात बांधून चुलीवर टांगून ठेवायचे. माणूस गेलं की पुरचुंडी उतरायची. त्याशिवाय तिला कुणी हात लावत नसे. झिलानं आपले खिळे गेल्या हिवाळ्यात केले होते, तेव्हा तामार हसली होती. "एवढी काय घाई, पोरी? आधी पाळण्याचे तरी कर!"

ती बाहेर आली. समोरच्या खिडकीत म्हातारा नोआ बसला होता. चेहऱ्यावर नुसती हाडं उरली होती, पण होता.

"नोआकाका! माझी झिला कुठं आहे?"

"कोण, तामार? तू? अगं, कशाला आलीस परत!" म्हाताऱ्याचा आवाज भोकातून वारा यावा तसा येत होता. "मीच आठ दिवस पडून होतो गं. काय झालं, कोण गेलं, मला काही धड ठाऊक नाही. खिडकीतून दिसलं तेवढं दिसलं."

"काय दिसलं?"

म्हाताऱ्यानं नजर गल्लीकडं वळवली.

"काका, काय दिसलं ते सांगा!"

"तुझ्या दारातून पेटी गेली," नोआ म्हणाला. "गाडी आली, पेटी चढवली. डांबर फासलेली होती. आत कोण ते कुणी ओरडून सांगत नाही आता. घंटा पण बंद केलीय. वाजवायला लागले तर थांबवायची कधी, म्हणून." मग घाईघाईनं म्हणाला, "चर्चच्या आवारात जाऊन विचार. भिंतीकडच्या नव्या जागेत. मला उगाच बोलतं करू नकोस, तामार. मी म्हातारा माणूस आहे."

चर्चच्या उत्तरेला, जिथं एरवी कुणी आपलं माणूस पुरायला तयार नसे, तिथं भिंत पाडून शेजारचं शेत आत घेतलं होतं. माती उघडी, वरून चुना. दगड नव्हते, फुलं नव्हती. ओळीनं बुटके लाकडी खांब तेवढे होते, आणि प्रत्येक खांबाच्या माथ्याला एकेक खिळा.

तामारला समजायला वेळ लागला नाही. पेट्या परगावाहून गाड्या भरभरून येत होत्या, त्यांना परगावचेच खिळे. चार कोपऱ्यांना आपले खिळे मारायला ज्यांना फुरसत मिळाली त्यांनी मारले. आणि एक खांबाला, म्हणजे मागाहून येणाऱ्याला आपलं माणूस सापडावं. अक्षरं वाचता येणारे आळीत थोडे. खिळा मात्र सगळ्यांना वाचता यायचा.

तामार वाचत निघाली.

हा चपट्या माथ्याचा, कडेला खाच पडलेला. डँक्सांचा. त्याच्या शेजारी तसाच आणखी एक, आणि तिसरा खांब त्यांच्याहून बुटका, लेकराचा. हा चौकोनी, नखाएवढा नाजूक. म्हातारी ज्यूडिथ. तिची दृष्टी गेली तरी हात गेला नव्हता. हा ओबडधोबड, घाईत मारलेला. हा तर तिच्याबरोबर मळ्यावर आलेल्या सुझनच्या नवऱ्याचा. सुझन अजून तिकडंच होती, संध्याकाळी शेकोटीशी बसून हसत असेल. एकेका खांबाशी तामार थांबायची, हात लावायची, आणि हा आपला नव्हे म्हणून सुटल्यासारखी पुढं जायची. मग त्या सुटण्याची तिला लाज वाटायची. पण पाऊल थांबत नव्हतं.

आणि मग ओळीच्या शेवटी तो होता.

पाच ठोक्यांत माथ्यावर पाच पाकळ्या उठवतात, त्या खिळ्याला आळीत गुलाब म्हणत. गुलाब पुष्कळजण करत, तामारही करी. तिचे गुलाब सरळ, मोजून मापून केल्यासारखे. पण हा वाकडा होता. पाचवी पाकळी बाजूला कललेली, जणू वाऱ्यानं मान वळवलीय. असा गुलाब ब्रॉकहीथमध्ये दोनच हातांतून उतरायचा. एक तामारच्या नवऱ्याचा. तो डावखुरा होता आणि सात वर्षांपूर्वी वारला. दुसरा हात त्याच्या डावखुऱ्या लेकीचा.

तामार खाली बसली. रडू आलं नाही. तिच्या ओठांवर, कुठून कोण जाणे, झिला लहान असताना ऐरणीशी म्हटलेली ओवी आली.

*पहिला गं ठोका, लाल सळईच्या टोकाला*
*सांभाळ रे देवा, माझ्या एकुलत्या लेकीला*

पुढची ओळ तिला आठवेना.

"ओ बाई! तिकडं चुना ओला आहे. झगा जळेल."

कबरी खणणारा टायटस हातगाडीवर बसून पाईप ओढत होता. पटकी धुराला भिते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे तो सध्या जेवतानाही पाईप सोडत नव्हता.

"याच्याखाली कोण आहे?" तामारनं विचारलं.

"ते मला नका विचारू. पेटी येते, मी खड्डा देतो. पाद्रीबुवांना ठाऊक असतं, तर ते स्वतःच अंथरुणावर आहेत."

"माझी लेक आहे," तामार म्हणाली. "माझ्या लेकीचा खिळा आहे हा."

टायटसनं टोपी काढली. थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग बायामाणसांचं सांत्वन करायची सवय नसलेला माणूस करतो तसं त्यानं सुरू केलं.

"एक सांगू का, बाई? तुमची पेटी एकटी नाही आली. बाकीच्या नुसत्या गाडीवरून येतात, मागं चिटपाखरू नसतं. तुमच्या पेटीमागं कुणीतरी चालत आलं होतं. तेवढं तरी समाधान माना."

"कोण?"

"मला आधी पोरगाच वाटला. डोक्याचे केस कापलेले, बापईमाणसाचा कोट. मग तोंड उघडलं तेव्हा कळलं, पोरगी आहे. आणि काय तोंड, बाप रे! मी खांब रोवला, तर म्हणते तिरका आहे. मी म्हटलं, बाई, सध्या जगच तिरकं आहे. तर मला म्हणाली..." टायटस थांबला. "जाऊ द्या. तुमच्या दुःखात ते कशाला."

"काय म्हणाली?"

"शिवी होती हो."

"कोणती?"

"अहो, भलतंच काहीतरी..."

तामार उठून उभी राहिली होती. "सांगा! काय म्हणाली?"

"म्हणाली, 'अरे टोपी घातलेल्या उंदरा, माणूस पुरतोस की बटाटे?'"

तामारच्या तोंडाचा आ तसाच राहिला. टोपी घातलेला उंदीर. नवरा दारूच्या गुत्त्यातून उशिरा आला की तामार त्याला दारातच हे म्हणायची. लोखंड कमी मापून देणाऱ्या मुकादमाला म्हणायची. साऱ्या ब्रॉकहीथमध्ये ही शिवी एकाच घरात राहात होती.

"खिळा... खिळा कोणत्या हातानं मारला तिनं?"

"डाव्या. मी मुद्दाम बघितलं, म्हटलं, आता बोटावर मारून घेते की काय. पण नाही, एका दमात बसवला."

तामार हसायला लागली. तोंडावर काळी बोटं दाबून, वाकून वाकून हसायला लागली, आणि मघाचं न आलेलं रडू त्या हसण्याला येऊन मिळालं. टायटस हातगाडीवरून उतरून दोन पावलं मागं सरकला. या मातीत त्यानं किंचाळणारी माणसं पाहिली होती, मुकी झालेली पाहिली होती. हसणारी पहिलीच.

"बाई, पोटात बिटात दुखतंय का तुमच्या?"

"नाही रे बाबा, नाही! कुठं आहे ती? कुठं गेली?"

"कालव्यापलीकडं, चर्चच्या रविवारच्या शाळेत. आईबाप गेलेली पोरं ठेवलीत तिथं. ती दूध मागायला येते इकडं, पाद्रीबुवांच्या बकरीचं. बकरीशीही भांडते."

कालवा तामारनं कसा ओलांडला, ते तिला नंतर कधी आठवलं नाही.

शाळेच्या लांबलचक खोलीत बाकं भिंतीला लावली होती आणि खाली पोरं पोरं होती. कुणी ओटची पेज पीत होतं, कुणी भांडत होतं. खिडकीशी एक लांब मानेची, भादरलेल्या डोक्याची मुलगी तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन दुधात बुडवलेल्या फडक्याचा बोळा चोखायला देत होती. डाव्या हातानं.

"झिला."

मुलीनं वर पाहिलं. एक क्षण तिचा चेहरा पाच वर्षांच्या पोरीसारखा झाला. मग ती म्हणाली, "आई! लांबूनच हॉपचा वास येतोय तुझा."

"तुझे केस कुठं गेले?"

"तापात कापले."

"ताप? तुला... तुला झाली होती?"

"झाली आणि गेली. अगं आई, हळू! बाळ चेंगरेल!"

बाळ चेंगरलं नाही, पण त्यानं जोराचा टाहो फोडला. तो थांबवण्यात दोघींनाही जरा सावरायला मिळालं.

मग झिलानं सांगितलं. डॉर्कसचं बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली. पुढच्याच आठवड्यात पटकी आली. आधी डॉर्कसचा नवरा गेला. त्यानं आयुष्यभर आज करतो, उद्या करतो म्हणत स्वतःचे खिळे केलेच नव्हते, तेव्हा डॉर्कसनं आपले त्याला दिले. नवराबायकोत चालतं ते. मग झिला पडली.

"डॉर्कसकाकू आपल्या घरी येऊन राहिली, बाळाला घेऊन. रात्रंदिवस मला पाणी पाजत होती. मी ओकायची, ती परत पाजायची. मी म्हटलं, जाऊ दे मला. तर माझ्या थोबाडीत मारायला हात उगारला. म्हणाली, 'तू मेलीस तर तुझी आई माझ्याशी आणखी सात वर्षं बोलणार नाही!'"

तामारनं लेकीच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"मी उठून बसले, त्या दिवशी ती पडली. दुपारपर्यंत सगळं संपलं. आपल्याच घरात." झिलानं बाळाच्या तोंडाशी बोळा पुन्हा धरला. "परगावची पेटी आली, परगावचे खिळे. तिच्याकडं स्वतःचा एकही नव्हता. मी काय करणार होते, आई? तिला परक्या खिळ्यांखाली कशी ठेवू? माझे दिले. रागव हवं तर."

सात वर्षांचं भांडण काय होतं? तामारच्या नवऱ्याच्या पेटीवर झाकण बसत असताना मागं उभ्या डॉर्कसनं कुणाच्या तरी कानात म्हटलं होतं, "शेवटच्या दिवशीसुद्धा गुलाब वाकडेच!" तामारनं ते ऐकलं होतं. एवढंच. आणि आता तीच डॉर्कस चार वाकडे गुलाब उशापायथ्याशी घेऊन निजली होती.

"रागवत नाही," तामार म्हणाली. "हिचं नाव काय ठेवलंय?"

झिला खाली मान घालून हसली. "तुला आवडणार नाही."

"सांग."

"तामार."

"काय?"

"डॉर्कसकाकूनंच ठेवलं. म्हणाली, 'थोरली तामार तर तोंड फिरवून जाते. निदान धाकटीला रोज घरात बसून रागवता येईल.'"

तामारनं हात पुढं केले. बाळ हलकं होतं, कापसाच्या गोळ्यासारखं. ते तिचं काळं बोट धरून तोंडात घालायला निघालं, मग त्या कडू वासानं त्यानं असं काही तोंड वाकडं केलं, की तामारला डॉर्कसच समोर दिसली. पंपाशी पाणी भरताना तामारकडं बघून असंच तोंड करायची ती.

"आईचंच बेणं आहे," तामार म्हणाली. "चला घरी."

जाताना ती चर्चच्या आवाराकडं वळली. झिला बाळाला घेऊन भिंतीशी थांबली, आणि टायटसनं दोघींना लांबून पाहून शहाण्यासारखा पाईप पेटवून घेतला.

खांब खरोखर तिरका होता. तामारनं एक दगड शोधला आणि खांबाच्या बुडाशी माती ठोकून ठोकून तो सरळ केला. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बोलायला काहीतरी सुरुवात हवी होती. सात वर्षांत तिनं मनातल्या मनात डॉर्कसशी पुष्कळ भांडणं केली होती आणि सगळी जिंकली होती. त्यातलं एकही वाक्य आता चालणार नव्हतं.

"डॉर्कस," ती म्हणाली, "पोरगी वाचवलीस माझी." थोडं थांबून म्हणाली, "आणि तुझी दूध नीट पिते. काळजी करू नकोस." मग भिंतीपर्यंत गेली, आणि तिथून वळून, शेजारणीला परसातून सांगावं तसं मोठ्यानं म्हणाली, "लेकीचे खिळे आहेत ते! सांभाळून वापर!"

घरी येऊन त्यांनी दाराचा चुना खरवडला. नोआ खिडकीतून नुसता बघत राहिला, मग त्यानं डोळे पुसून खिडकीच लावून घेतली. तामारनं मागच्या खोपटातली भट्टी पेटवली. भाता बरेच दिवस न चाललेल्या म्हाताऱ्यासारखा आधी खोकला, मग चालू लागला. सळई लाल झाली.

"आता मला माझे खिळे नव्यानं करायला हवेत," झिला म्हणाली. तिनं उघड्या दारातून घरातल्या खुंटीकडं बघितलं.

"काही नको. खुंटीवरची तुझी जागा राहू दे रिकामी." तामारनं कोपऱ्यातली साबणाची जुनी पेटी पायानं पुढं ओढली. तिच्या दोन फळ्या निखळल्या होत्या. "ही ठाकठीक करायची. रात्री हिला निजवायचं कुठं, माझ्या डोक्यावर?"

"गुलाब मारू?"

"मार. वाकडेच मार."

झिलानं सळई ऐरणीवर ठेवली आणि डावा हात उचलला. पहिला ठोका पडला, दुसरा पडला. रिकाम्या आळीत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. भिंतीला आपटून परत आला, पंपाशी घुमला, नोआच्या खिडकीशी गेला. आणि मग पलीकडच्या गल्लीतून, जणू कुणी विचारलं म्हणून उत्तर द्यावं, तसा दुसऱ्या कुणाचा तरी हातोडा वाजला. एकदाच. थांबला. पुन्हा वाजला.

त्या आवाजानं बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं.

"अगं तामार, गप!" तामार तिच्यावर खेकसली. "खिळेवाल्यांच्या घरात राहायचं तर हे ऐकावंच लागेल. सवय कर. ऐकलंस का गं? तामार! मी तुझ्याशी बोलतेय."